न्हाणीघराचा अर्ज

भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला खोली दाखवली नाही, मोजून दाखवली. खिशातून लोखंडी टेप काढली, एक टोक माझ्या हातात दिलं, "घट्ट धरा" म्हणाले आणि समोरच्या भिंतीपर्यंत चालत गेले. "दहा फूट चार इंच. मी तुम्हाला फोनवर दहा सांगितलं होतं. चार इंच जास्त आहेत. नंतर तक्रार नको." मला हसू आलं. ते हसले नाहीत.

गावाचं नाव लिहीत नाही. कर्जतहून खालापूरकडे जाताना लागतं, एवढं पुरे. तिथली माणसं अजून तिथेच आहेत, आणि ज्या कचेरीत हे सगळं घडलं तिथे माझं अजून जाणंयेणं असतं. मी तेव्हा एका इंजिनियर साहेबांच्या ऑफिसात नकाशे काढायचे, आजही काढते. घरमालकांना मी काका म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला काकू. काका दुसऱ्या एका जिल्ह्यात नगररचनेच्या कचेरीत आरेखक होते, निवृत्त होऊन गावी परतले होते. म्हणजे आमचा धंदा एकच. फरक एवढाच की नकाशात जे काढलं ते जमिनीवर असायला हवं असं ते मानायचे. माझा पगार नेमक्या उलट्या कामाचा होता. त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर मुंबईच्या एका माणसाचा शनिवार-रविवारचा बंगला होता. त्याच्या पोहण्याच्या तलावाला मी नकाशात 'पाणी साठवण टाकी' म्हटलं होतं, आणि पाहुण्यांच्या दोन एसी खोल्यांना 'माळ्याची खोली व अवजारे'. नकाशा पंधरवड्यात मंजूर झाला होता.

काकांना हे माहीत होतं. एकदा संध्याकाळी कुंपणापाशी उभे राहून तिकडे बघत म्हणाले, "एवढ्या मोठ्या टाकीला शिडी कशाला लावलीय?" त्या दिवसापासून मला 'अहो' म्हणायचे ते 'तू' म्हणायला लागले. मी ती जवळीक समजले होते. काकू म्हणाल्या, "जवळीक कसली? पायरीवरून खाली उतरवलं तुला."

काकू चौक गावच्या. त्यांच्या वडिलांचं जुन्या हायवेवर गॅरेज होतं, ते आता धाकटा भाऊ चालवायचा. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. "मला बघायला आले ना," त्या सांगायच्या, "तर आमच्या ओटीवर बसून, हातात पोह्यांची बशी घेऊन माझ्या बाबांना म्हणाले, तुमची ही ओटी रस्त्यात आलीय. आणि मी ह्याच माणसाला हो म्हटलं. मला वाटलं, खोटं बोलणार नाही हा कधी. नाहीच बोलला. पण गं, नुसतं तेवढ्यावर नाही भागत."

तसे ते एकाच बाजूने काटेकोर नव्हते, हेही सांगायला हवं. शेजाऱ्याने कुंपणाची नवीन भिंत घातली तेव्हा काका टेप घेऊन त्याच्या दारात गेले. शेजारी भांडायच्याच तयारीने बाहेर आला. काका म्हणाले, "तुमची भिंत नऊ इंच तुमच्याच हद्दीत गेलीय. तुमची जागा माझ्याकडे राहतेय. काढून परत घाला." शेजाऱ्याला वाटलं ह्यात काहीतरी डाव आहे. त्याने भिंत हलवली नाही. काकांनी त्या नऊ इंचांवर कधी पाऊल ठेवलं नाही, तिथे गवत वाढलं तरी कापलं नाही. "आपलं नाही," म्हणायचे.

मी राहायला गेले त्याच्या वर्षभर आधी काकूंना अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात, उजवा पाय गेला होता. जीभ सुदैवाने शाबूत राहिली. घर जुन्या पद्धतीचं, संडास आणि न्हाणीघर मागे परसात. स्वयंपाकघराच्या दारातून तीन पायऱ्या उतरायच्या आणि मग अरुंद बोळ. चाकाची खुर्ची ना पायऱ्यांवरून उतरायची, ना त्या दारातून आत जायची. रोज दोन माणसांनी काकूंना दोन्ही बाजूंनी धरून खाली न्यायचं. एक काका आणि दुसरी हिरी. हिरी डोंगरापायथ्याच्या ठाकरवाडीतून कामाला यायची. चाळिशीची बाई, हातात जोर, तोंडावर कुणाची भीड नाही. काकांचे हात थरथरायचे, पण त्यांनी एक दिवस चालढकल केली नाही. बायकोच्या अंगावर पाणी घालताना ते आधी स्वतःच्या मनगटावर ओतून बघायचे.

उपाय सोपा होता, आणि तो काकांनाच सुचला होता. स्वयंपाकघराच्या दारासमोर, जमिनीच्याच पातळीला न ठेवता जोत्याच्या उंचीवर, परसात एक वेगळं छोटं न्हाणीघर बांधायचं. पायऱ्यांच्या जागी सपाट वाट. आत खुर्ची फिरेल एवढी जागा, भिंतीला धरायला दांडे. नकाशा त्यांनी स्वतः काढला, हाताने, शाईने. खुर्ची कुठे वळेल ते कंपासने वर्तुळ काढून दाखवलं होतं. इतका सुंदर नकाशा मी आमच्या धंद्यात दुसरा पाहिलेला नाही.

मी म्हटलं, "काका, गवंडी सांगू का? आठ दिवसांचं काम आहे."

"परवानगी?"

"परसातल्या न्हाणीघराला कोण विचारतंय?"

"कुणी विचारत नाही म्हणून लागत नाही, असं नसतं. पक्कं बांधकाम आहे, घरापासून सुटं आहे. कुंपणापासून किती अंतर सोडलं, छप्पर किती उंच, हे दाखवावं लागतं. आधी कागद, मग वीट."

"मग पावसाळ्यापुरती पत्र्याची शेड दाखवू. त्याला कुणी..."

"पावसाळा संपल्यावर काढणार का आपण?"

"नाही."

"मग पावसाळ्यापुरती कशी?"

आतून काकू ओरडल्या, "अहो, माझ्यापुरती म्हणून लिहा. मी गेले की काढा!"

अर्ज गेला. महिन्याने उत्तर आलं, मोजणी नकाशा जुना आहे. काकांनी नवीन मोजणी करून घेतली, त्यात चार महिने गेले. मग सातबाऱ्यावर त्यांच्या वडिलांच्या नावातला एक काना जास्त निघाला. मग शेजाऱ्याचा ना हरकत दाखला. प्रत्येक वेळी काका ते पत्र दोनदा वाचायचे आणि म्हणायचे, "बरोबर आहे त्यांचं. माझ्याकडूनच राहिलं होतं." ह्या त्रुटींचा अर्थ काय असतो ते आमच्या धंद्यात नवीन लागलेल्या पोरालाही कळतं. तीस वर्षं त्याच खात्यात काढलेल्या माणसाला तो कळत नव्हता, असं मी मानत नाही. त्यांनी तो कळून घ्यायचा नाही असं ठरवलं होतं.

हिरी एकदा काकूंचे केस पुसता पुसता म्हणाली, "आमच्या वाडीत दोन दिसांत खोप उभी ऱ्हाते. तुमचा कागद लई सावकाश चालतो काका."

"आणि उद्या कुणी खोप पाडायला आलं तर? दाखवायला कागद आहे का?"

"ज्यांच्याकं कागद हाय त्यांचीबी पाडतात," हिरी म्हणाली.

काका उठून बाहेर गेले. बऱ्याच वेळाने मी परसात गेले तर ते कढीपत्त्यापाशी उभे होते. म्हणाले, "नोकरीत असताना एका घरामागची मोरी मोजायला गेलो होतो. नवराबायको आणि अंथरुणाला खिळलेली आई. मोरी हद्दीबाहेर सव्वा फूट. तो माणूस पाया पडला माझ्या. म्हणाला, एक फूट लिहा साहेब, सव्वा लिहू नका, एक फुटापर्यंत सोडतात. मी सव्वा लिहिलं. सव्वाच होतं. पाडली त्यांनी ती. आता मी माझ्या घरामागे विनापरवाना बांधू?"

मला तेव्हा त्यांचा आदर वाटला होता. ह्याची मला आज लाज वाटते की वाटत नाही, ते सांगता येत नाही.

पुढे पेन्शनच्या कामासाठी त्यांना दोन दिवस जुन्या कचेरीत जावं लागलं. ते एसटीत बसले असतील नसतील, काकूंनी चौकला भावाला फोन लावला. भाऊ टेंपो घेऊन आला. लोखंडी अँगल, पत्रे, वेल्डिंगचं मशीन, दोन कारागीर. "ताई, तू नुसती बघत ऱ्हा," म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला परसात न्हाणीघर उभं होतं. दारासमोर फळ्यांची सपाट वाट, आत नळ, भिंतीला पाइपाचा दांडा. काकूंची खुर्ची सरळ आत गेली. हिरीने दार लोटून घेतलं. आतून पाण्याचा आवाज आणि काकूंचं हसणं येत राहिलं. अर्धा तास झाला तरी त्या बाहेर यायला तयार नव्हत्या. "दोन वर्षांनी माझी मी अंघोळ केली गं," मला म्हणाल्या. डावा हात वर करून दाखवला. "ह्या हाताने. माझी मी."

संध्याकाळी काका आले तेव्हा त्या ओले केस मोकळे सोडून मागच्या दारात बसल्या होत्या. काकांनी पिशवी खाली ठेवली. बायकोकडे बघितलं, पत्र्यांकडे बघितलं. मग खिशातून टेप काढली.

"दाजी, आता मोजू नका हो," भाऊ म्हणाला.

त्यांनी मोजलं. "कुंपणाकडून दीड फूट कमी आहे. शिवाय परवानगी नाही."

"अवो दाजी, बहीण हाय माजी. तिला बगा जरा, टेप काय बगताय?"

काका आत गेले आणि टेबलाशी बसले. आम्हाला वाटलं हिशेब लिहितायत. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते कचेरीत गेले आणि स्वतःच्याच घरात विनापरवाना बांधकाम झाल्याची तक्रार स्वतःच्या सहीने देऊन आले. आवक शिक्का मारलेली प्रत त्यांनी काकूंपुढे ठेवली. लपवायचं नाही म्हणून.

काकूंनी ती वाचली. त्यांचा आवाज त्या दिवशी प्रथमच लहान झालेला मी ऐकला.

"माझ्या अंघोळीची तक्रार केलीत?"

"तुझी नाही. बांधकामाची."

त्या दिवसानंतर त्यांनी काकांशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. पाणी द्या. उशी सरळ करा. ओटीची गोष्ट मी पुन्हा ऐकली नाही.

कचेरीतला माणूस मोटरसायकलवरून आला, हसत हसत फोटो काढून गेला. "काका, तुम्ही कशाला..." असं तोही म्हणाला. काकांनी नटबोल्ट स्वतः खोलले, पत्रे एकावर एक रचले आणि टेंपो करून चौकला पाठवून दिले. भावाने ते उतरवून घेतले आणि बहीण असेपर्यंत त्या घरात परत पाय ठेवला नाही. ती असेपर्यंत म्हणजे फार दिवस नाहीत.

मग कचेरीतून पत्र आलं. सदर जागेवर अनधिकृत बांधकामाची तक्रार प्रलंबित असल्याने परवानगीचा अर्ज तूर्त विचारात घेता येत नाही. तक्रारदाराचा जबाब व्हायला हवा, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याचाही. काकांनी दोन वेगवेगळ्या तारखांना जाऊन दोन्ही जबाब दिले. मी साहेबांना ऑफिसात हे सांगितलं तेव्हा साहेबांना इतकं हसू आलं की त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मीही हसले. हसले मी, हे लिहिलं पाहिजे.

श्रावणात पायऱ्यांना शेवाळ धरलं. हिरीची भाताची लावणी उशिरा चालली होती, ती आठवडाभर येणार नव्हती. मी सकाळी लवकर ऑफिसला गेले होते. काकांनी एकट्याने काकूंना खाली न्यायचं ठरवलं. पायऱ्या त्यांनी आधी घासून घेतल्या होत्या. दुसऱ्या पायरीवर त्यांचा पाय सरकला की काकूंचा, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. दोघं पडली. काकांना खरचटलं. काकूंचं खुब्याचं हाड मोडलं.

पनवेलच्या हॉस्पिटलात मी त्यांना भेटायला गेले. त्यांनी मला जवळ बोलावलं. "घरी गेल्यावर," म्हणाल्या, "मला परत त्या पायऱ्यांवरून नेणार ना गं हे?"

तिथून मी सरळ ऑफिसला आले आणि साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले. म्हटलं, माझ्या घरमालकांची फाइल हलवा. पाकीट मी देते. साहेबांनी एक फोन लावला. आठ दिवस लागले. मोजणी नकाशा, काना, ना हरकत दाखला, तक्रार, दोन जबाब, सगळं आठ दिवसांत मार्गी लागलं. चौदा महिने अडलेला कागद आठ दिवसांत टपालात पडला.

पण तोवर काकूंच्या छातीत कफ झाला होता. काकू गेल्या आणि पाचव्या दिवशी परवानगी आली.

घरात पाहुणे होते. चौकचा भाऊ बाहेर ओट्यावर बसला होता, आत येत नव्हता. काकांनी टपालाचं पाकीट फोडलं, आदेश दोनदा वाचला आणि मला हाक मारली. त्यांचा चेहरा कित्येक दिवसांनी सैल पडला होता. "बघ," म्हणाले, "आलं की नाही? उशीर झाला, पण रीतसर आलं. कुणाच्या पाया पडलो नाही. तिला सांगायला हवं होतं मी, येईल म्हणून." आणि काकूंच्या फोटोकडे बघून ते चक्क हसले.

त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. मी सगळं सांगितलं. फोन, पाकीट, आठ दिवस. "रीतसर काही आलेलं नाही काका," म्हटलं. "ते मी आणलंय. तुमच्या रीतीने ते अजून दहा वर्षं आलं नसतं."

दुःखात असलेल्या माणसाला हे सांगायचं नसतं. मला ते माहीत होतं. मला त्यांना लागायलाच हवं होतं.

त्यांनी कागदाची नीट घडी घातली, फोटोमागे ठेवली. तेराव्यानंतर मला त्यांच्या अक्षरात लिहिलेली नोटीस मिळाली. भाडेकरारात ठरल्याप्रमाणे एक महिन्याच्या मुदतीत खोली रिकामी करावी. कारण लिहिलेलं नव्हतं.

त्या महिन्यात आमच्यात एक शब्द झाला नाही. मी निघाले त्या दिवशी सामान टेंपोत चढवून किल्ली द्यायला आत गेले. ते स्वयंपाकघराच्या मागच्या दारात, काकू बसायच्या त्या खुर्चीत बसले होते. परसात काहीच झालेलं नव्हतं. ना चर खणला होता, ना वीट आली होती. मी किल्ली पुढे केली. त्यांनी घेतली नाही.

"फाइल हलवायला आठ दिवस लागले?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग आधी का नाही हलवलीस?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काका, तुम्हाला चाललं नसतं."

"मला कशाला सांगायचं?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तू त्याच कामात होतीस. ती रोज त्या पायऱ्या उतरत होती, तू बघत होतीस. मला न सांगता करायचं. आलं म्हणून मी समजलो असतो. समजलो होतोच की."

त्यांचा मान राखला, असं म्हणता आलं असतं. मोरीची गोष्ट ऐकून मला भीड पडली, असंही. खरं असं की ते हट्टी होते हे मला सोयीचं होतं. त्यांच्या हट्टाकडे बोट दाखवलं की मला काही करावं लागत नव्हतं. संध्याकाळी घरी यायचं, काकूंशी गप्पा मारायच्या आणि आपल्या खोलीत जायचं. मी किल्ली खिडकीत ठेवली आणि निघाले. ते मागे वळले नाहीत.

आता साहेबांचं ऑफिस मीच बघते. परसात खोली, शेड, मोरी, असल्या लहान कामांसाठी लोक यायला कचरतात, पण येतात. कागद तपासायच्या आधी मी एकच विचारते, घरात कुणी आजारी आहे का. आहे म्हटलं की पाकिटाचं पहिल्याच दिवशी सांगते, आडपडदा न ठेवता. गेल्या महिन्यात नेरळचे एक निवृत्त मास्तर आले होते, बायको अंथरुणाला. मी सांगितलं तसे ते ताडकन उठले. "लाज वाटत नाही तुम्हाला?" म्हणाले, आणि नकाशा उचलून निघून गेले.

मी त्यांचा पत्ता लिहून ठेवला होता. दुपारी कचेरीत गेले आणि त्यांना न सांगता पाकीट देऊन आले.